पूर ओसरल्यानंतरचे पहिले काही दिवस : लहान मुले असलेल्या कुटुंबासाठी मार्गदर्शक

वाशिष्ठी नदीचे पाणी २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा आम्हाला तेथे राहायला येऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. घर भाड्याचे आणि तळमजल्यावरचे होते, मुलगी अकरा महिन्यांची होती आणि पुराच्या गावात संसार कसा मांडतात याची आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती. शेजारच्या आजींच्या घरातले धान्याचे डबे, कागदपत्रांची ट्रंक आणि देव मात्र पहाटेच माळ्यावर गेले होते, कारण २००५ सालचे पाणी त्यांनी पाहिले होते. आमच्या घरात पाणी छातीपर्यंत चढले आणि दोन वर्षे जमवलेला संसार एका दिवसात चिखलात गेला. त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही कष्ट पुष्कळ केले, पण कामांचा क्रम चुकला आणि त्याची किंमत पुढे अनेक महिने मोजावी लागली. नोकरीसाठी नदीकाठच्या शहरात नव्याने आलेल्या, घरात कोणी वडीलधारे नसलेल्या तरुण जोडप्यांना हा क्रम आधीच ठाऊक असावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम एक फरक लक्षात घ्यावा. चिपळूण किंवा महाडचा पूर काही तासांत चढतो, कारण घाटमाथ्यावरचा पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट उरत नाही. तो ओसरतोही लवकर, पण मागे घोटाभर गाळ ठेवून जातो. कृष्णा आणि पंचगंगेचा पूर हळूहळू चढतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका पातळी असते, तर कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३ फूट आहेत. त्यामुळे सामान हलवायला थोडा वेळ मिळतो. मात्र २०१९ च्या ऑगस्टमध्ये अनेक वस्त्यांत झाले तसे पाणी दिवसेंदिवस घरात उभे राहिले, तर भिंती आणि पाया खोलवर मुरतात. पहिल्या प्रकारात गाळ काढण्याची घाई करावी लागते, दुसऱ्या प्रकारात भिंती वाळेपर्यंत धीर धरावा लागतो.

घरात पाऊल टाकण्यापूर्वी

पहिल्या फेरीला एकट्या व्यक्तीने जाऊ नये आणि मुलांना तर मुळीच नेऊ नये. दोघांपैकी एकाने मूल घेऊन नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर किंवा निवारा केंद्रात थांबावे आणि दुसऱ्याने एखाद्या शेजाऱ्याला सोबत घेऊन घर पाहावे. जाताना गमबूट, काठी, बॅटरी आणि पूर्ण चार्ज केलेला मोबाइल जवळ असावा. बाहेरून घराभोवती एक फेरी मारून भिंतीला नवे तडे गेले आहेत का, छत कुठे खाली झुकले आहे का आणि पायाजवळची माती वाहून गेली आहे का, हे पाहावे. यांपैकी काही आढळले तर आत शिरू नये. नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अभियंत्याने पाहिल्याखेरीज त्या घरात झोपणे धोक्याचे आहे.

विजेचा मुख्य स्विच कोरड्या जागी उभे राहून बंद करता येत असेल तरच बंद करावा. पाण्यात किंवा ओल्या चिखलात उभे राहून मीटरच्या पेटीला हात लावू नये, तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवून खांबावरून पुरवठा तोडून घ्यावा. गल्लीतली वीज गेलेली आहे म्हणून निर्धास्त राहणेही चुकीचे ठरते, कारण ती कोणत्याही क्षणी परत येऊ शकते आणि शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरचा उलटा प्रवाह तारांमध्ये असू शकतो.

गॅसचा वास आला तर दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे, काडी ओढू नये, कोणतेही बटण दाबू नये आणि दूर गेल्यावर १९०६ या गॅसगळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. वास नसला तरी पाण्यात तरंगलेले सिलिंडर तसेच वापरू नये. रेग्युलेटर आणि नळी वितरकाकडून बदलून घ्यावी आणि शेगडी तपासून घ्यावी. कपाटाच्या मागे, गाद्यांच्या ढिगात आणि मोरीत साप आसऱ्याला आलेले असतात, म्हणून हात घालण्यापूर्वी काठीने आवाज करावा आणि साप दिसल्यास सर्पमित्राला बोलवावे. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा करकचून बांधणे यात वेळ न घालवता रुग्णाला शक्य तितके स्थिर ठेवून सरकारी रुग्णालयात न्यावे. तेथे सर्पदंशावरची प्रतिविष लस मिळते.

फोटो आधी, खराटा नंतर

आमची सर्वांत मोठी चूक येथे झाली. घराची ती अवस्था पाहवत नव्हती, म्हणून आम्ही आल्या आल्या खराटा हातात घेतला आणि संध्याकाळपर्यंत अर्धे सामान रस्त्यावरच्या ढिगाऱ्यात नेऊन टाकले. तिसऱ्या दिवशी पंचनाम्याला कर्मचारी आले, तेव्हा दाखवायला आमच्याकडे रिकाम्या खोल्या होत्या.

म्हणून काहीही हलवण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा दारातून एक संथ व्हिडिओ घ्यावा, त्यानंतर चारही भिंतींचे आणि प्रत्येक मोठ्या वस्तूचे वेगळे फोटो काढावेत. भिंतीवर पाणी जेथपर्यंत चढले तेथे तपकिरी रेघ उमटलेली असते. तिच्याशेजारी माणूस उभा करून किंवा मोजपट्टी धरून फोटो काढल्यास पाण्याची उंची वादातीत ठरते. फ्रिज, धुलाई यंत्र, टीव्ही आणि मिक्सर यांच्या मागच्या बाजूस अनुक्रमांकाची पट्टी असते, तिचाही जवळून फोटो घ्यावा. हे फोटो लगेच दोन नातेवाइकांना पाठवून ठेवावेत, कारण भिजलेल्या हातात मोबाइल किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही. जे टाकायचे ते वहीत लिहून मगच टाकावे.

गाळ ओला असतानाच काढावा

फोटो झाल्यावर मात्र एक तासही दवडू नये. ओला गाळ फावड्याने आणि वायपरने ढकलता येतो. तोच एकदा उन्हाने वाळला की फरशीला सिमेंटसारखा धरून बसतो आणि छिन्नीने खरवडावा लागतो. काम आतल्या खोलीकडून दाराकडे आणि वरून खाली करत यावे. आधी खोरे-घमेल्याने जाड थर बाहेर काढावा आणि मग पाणी मारावे, कारण उलट केल्यास पातळ चिखल मोरीत जाऊन नाली तुंबते आणि मैलापाणी घरात उलटते.

पूर आलेल्या शहरात राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे मदतीला येतात. चिपळूणमध्ये आमच्या दारात ओळखदेख नसलेली मुले घमेली घेऊन उभी राहिली होती आणि त्यांचे ऋण मी कधी विसरणार नाही. तरीही नवख्या कुटुंबाला सांगणे आहे की काय हवे असे कोणी विचारले तर संकोच न करता गाळ काढायला चार माणसे, एक फावडे आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन मागावेत. जुन्या कपड्यांची गाठोडी ठेवायला पहिल्या आठवड्यात कोरडी जागाच नसते.

फरशी स्वच्छ झाल्यावर साबणाच्या पाण्याने आणि त्यानंतर ब्लीचिंगच्या द्रावणाने पुसावी. ब्लीचिंग पावडरमध्ये किंवा त्याच्या द्रावणात संडास धुण्याचे अॅसिड कधीही मिसळू नये; त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. थकलेली माणसे डाग लवकर निघावा म्हणून नेमकी हीच चूक करतात.

पाणी, दूध आणि ताप

जमिनीखालची टाकी, विहीर आणि बोअर पुराच्या पाण्याखाली गेले असतील तर ते पाणी दूषितच समजावे. टाकी पूर्ण उपसून, घासून आणि टीसीएल म्हणजेच ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करूनच पुन्हा भरावी. विहिरीसाठी हे काम ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली करून घ्यावे. तोपर्यंत टँकरचे पाणीही गाळून आणि खळखळ उकळी किमान एक मिनिट टिकू देऊन मगच प्यावे. आरोग्य विभागाकडून मिळणारे मेडिक्लोर हे पाणी शुद्ध करणारे क्लोरीनचे द्रावण वापरताना प्रमाण बाटलीवरच्या सूचनेनुसार घ्यावे आणि अर्धा तास थांबून मग पाणी वापरावे.

अंगावर पिणारे बाळ असेल तर स्तनपान चालूच ठेवावे. मदतीत दूध पावडरचे डबे येतात आणि आईला ताणामुळे आपले दूध कमी झाल्यासारखे वाटते, त्यामुळे घाबरून बाटली सुरू केली जाते. परंतु अशा दिवसांत पावडर कालवायला स्वच्छ पाणी आणि बाटली उकळायला गॅस या दोन्हींची खात्री नसते आणि जुलाबाचा धोका तेथूनच सुरू होतो. आईला एक कोरडी जागा, पुरेसे पाणी आणि जेवण मिळेल याची व्यवस्था करणे हे घरातल्या पुरुषाचे त्या दिवसांतले पहिले काम आहे, गाळ काढणे दुसरे. मुलाला जुलाब लागल्यास ओआरएस द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा असावा आणि मीठ अंदाजाने घालू नये. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली तर घरी वाट पाहू नये.

मोठ्यांसाठी सर्वांत गंभीर भीती लेप्टोस्पायरोसिसची असते. उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातले जंतू पुराच्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या साध्या ओरखड्यातूनही शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांत दिसतात, कधी महिनाभरानेही दिसतात. म्हणून त्या महिन्यात ताप, पोटऱ्यांमध्ये तीव्र वेदना किंवा डोळ्यांत लाली आली, तर डॉक्टरांना आपण पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे न विसरता सांगावे. प्रतिबंधक गोळ्या आरोग्य शिबिरात मिळतात, परंतु गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि आठ वर्षांखालील मुले यांच्याबाबत डॉक्टरांनी विचारपूर्वक ठरवल्याशिवाय त्या देऊ नयेत. जखम झाली असल्यास धनुर्वाताचे इंजेक्शनही त्याच भेटीत घ्यावे.

काय ठेवावे, काय टाकावे

कापसाच्या गाद्या, उशा, भिजलेले धान्य, पीठ, मसाले आणि उघडी औषधे टाकून द्यावीत. बाळाची मऊ खेळणीही ठेवू नयेत, मग ती कितीही आवडीची असोत. स्टीलची भांडी साबणाने घासून उकळत्या पाण्यातून काढली की पुन्हा वापरता येतात. प्लायवूडचे आणि भुश्याच्या फळ्यांचे फर्निचर फुगते आणि ते पुन्हा सरळ होत नाही. सागवान मात्र बहुधा टिकते, फक्त ते सावलीत वाळवावे, थेट उन्हात ठेवल्यास तडकते.

फुगलेल्या लाकडी कपाटाचे खण उघडत नाहीत आणि नेमके त्यांतच दागिने, पासबुके आणि औषधांचे कागद असतात. आमच्या कपाटाचा खालचा खण मी हिसके देऊन ओढत राहिलो आणि शेवटी मूठच हातात आली. शेजारच्या सुतारकाकांनी कपाट भिंतीपासून पुढे ओढले, मागच्या पातळ प्लायचे खिळे पटाशीने उचकटले आणि आत हात घालून तळव्याने खण पुढे ढकलला. तो चिखलाचा एक सुस्कारा सोडत बाहेर आला. वरचा कागदांचा गठ्ठा भिजून एकजीव झाला होता, पण त्याखालची प्लॅस्टिकची पिशवी आतून कोरडी होती.

विजेची कोणतीही वस्तू चालू करून पाहू नये. फ्रिज किंवा मोटर बाहेरून कोरडी दिसली तरी आत गाळ असतो आणि बटण दाबताच दुरुस्त होण्याजोगे यंत्र जळून जाते. दुचाकी आणि मोटारीलाही हेच लागू आहे. इंजिनात पाणी गेलेली गाडी चालू केली की आतले भाग वाकतात आणि तो खर्च विमा कंपनी नाकारू शकते, म्हणून गाडी ओढूनच गॅरेजला न्यावी.

भिजलेले कागद

चिकटलेले कागद ओढून वेगळे करू नयेत. चिखल लागला असेल तर स्वच्छ पाण्याच्या उथळ परातीत गठ्ठा अलगद बुडवून धुवावा आणि पंख्याच्या वाऱ्यात, सुती कापडावर, सावलीत पसरावा. इस्त्री किंवा हेअर ड्रायर फिरवू नये. एकाच वेळी सगळे वाळवणे शक्य नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून एखाद्या नातेवाइकाच्या फ्रीझरमध्ये ठेवावेत, म्हणजे बुरशी थांबते आणि नंतर सवडीने थोडे थोडे वाळवता येतात. छायाचित्रांच्या पृष्ठभागाला बोट लावू नये, ती धुऊन चेहऱ्याची बाजू वर ठेवून वाळवावीत.

बरेचसे कागद परत मिळतात, हे मनाला समजावणे महत्त्वाचे आहे. आधार आणि वाहन परवाना डिजिलॉकरमधून घेता येतो आणि तो मूळ कागदाइतकाच ग्राह्य असतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून मिळतो, तर खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत विभागीय मंडळ देते. बाळाचे लसीकरणाचे कार्ड वाहून गेले तर उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेकडे नोंदवही असते आणि तिच्यावरून नवे कार्ड भरून मिळते. ते मिळेपर्यंत लसीची तारीख चुकवू नये. भिजलेल्या आणि मळलेल्या नोटा बँकेच्या शाखेत बदलून मिळतात.

पंचनामा, विमा आणि हप्ते

शहरात नगरपरिषदेचे आणि महसूल विभागाचे कर्मचारी, गावात तलाठी आणि ग्रामसेवक पंचनामा करतात. ते येतील तेव्हा घरात कोणीतरी प्रौढ हजर असणे आवश्यक आहे, कारण कुलूप दिसले की नोंद राहून जाते. आधार, शिधापत्रिका, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचा क्रमांक आणि वीजबिल यांचे फोटो मोबाइलमध्ये तयार ठेवावेत. भाडेकरूंनी विशेष दक्ष असावे. भिंत पडली तर ते घरमालकाचे नुकसान आहे, परंतु कपडे, भांडी आणि घरगुती सामान राहणाऱ्या कुटुंबाचे असते. त्यामुळे त्या नोंदीत आपले नाव लिहिले गेले आहे हे स्वतः वाचून खात्री करूनच सही करावी आणि सही केलेल्या कागदाचा फोटो घ्यावा. भाडेकरार नसेल तर घरमालकाकडून साध्या कागदावर तसे लिहून घ्यावे. वस्तीत कोणीच फिरकले नाही तर १०७७ या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर कळवून तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

घरासाठी कर्ज घेतले असेल तर त्यासोबत विमा उतरवला गेला होता का, हे बँकेला विचारावे. अनेकांना हे ठाऊकही नसते. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या भारत गृह रक्षा या प्रमाणित विम्यात पुराचे नुकसान समाविष्ट आहे आणि घर व सामान दोन्हींसाठी तो घेतला असल्यास घराच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख रुपये, सामानाला संरक्षण आपोआप मिळते. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा आणि मोठ्या वस्तू सर्वेक्षकाने पाहिल्याशिवाय भंगारात देऊ नयेत. हप्ता भरणे अशक्य असेल तर तो चुकण्यापूर्वी बँकेला लेखी कळवून मुदतवाढ मागावी.

मुले आणि आपण दोघे

मूल रात्री दचकून उठते, पुन्हा अंथरूण ओले करते, पावसाचा आवाज आला की चिकटून बसते. याला हट्ट समजून रागावू नये. जेवण, अंघोळ आणि झोप यांच्या वेळा शक्य तितक्या पूर्वीसारख्या ठेवाव्यात आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला पाणी का आले, ते कुठे गेले, हे खरे तेच सोप्या शब्दांत सांगावे. त्याला एखादे छोटे काम द्यावे. ओल्या चमच्यांची जोडी लावण्यातही मूल शांत होते.

पती-पत्नीत या दिवसांत भांडणे होतात आणि ती बहुधा वस्तूंवरून होतात. लग्नातली पैठणी एकाला कापड वाटते, दुसऱ्याला आईची आठवण वाटते. आम्ही एक नियम केला होता, तो उपयोगी पडला : ज्या वस्तूवर एकमत होत नाही ती धुऊन एका बाजूला ठेवायची आणि तिचा निर्णय आठ दिवसांनी घ्यायचा. झोप लागेनाशी झाली, सतत रडू येऊ लागले किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही मराठीतून बोलता येते. हा फोन विनामूल्य आहे आणि तो करण्यात कमीपणा नाही.

भिंती वाळेपर्यंत

फरशी स्वच्छ झाली की घर राहण्याजोगे झाले असे वाटते, पण भिंतींनी पाणी धरलेले असते. दिवसा सर्व दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत आणि बाळाचे अंथरूण बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, कारण ओलीची बुरशी त्याच्या छातीला त्रास देते. काळे ठिपके दिसले तर नाकावर फडके बांधून साबणाच्या पाण्याने घासावेत. फुगलेले प्लॅस्टर खरवडून काढावे आणि रंगाची घाई करू नये. ओल्या भिंतीवर दिलेला रंग पहिल्या दोन महिन्यांतच पोपडे धरतो. जुलैमध्ये पूर आला असेल, तर पावसाळा संपून ऑक्टोबरचे ऊन खाल्ल्यावरच रंगाऱ्याला बोलावणे योग्य.

वीज पुन्हा जोडण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक स्विचबोर्ड उघडून गाळ काढून घ्यावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळतीचा प्रवाह तोडणारा आरसीसीबी नसेल तर त्याच वेळी बसवून घ्यावा. भिंतीवरची तपकिरी रेघ रंगाखाली जाण्यापूर्वी तिची जमिनीपासूनची उंची मोजून वहीत लिहून ठेवावी. फ्रिजचा सॉकेट, इन्व्हर्टरची फळी आणि कागदपत्रांचा कप्पा त्या उंचीच्या किमान हातभर वर घेता येईल; घर भाड्याचे असले तर ही मोजणी घरमालकालाही दाखवून खर्च कोणी किती करायचा ते आधीच ठरवून घ्यावे.